जवळच्या शेतातली भाजीची पेटी: मांस थांबवलेल्या घरातून

आठवड्यातून एकदा जवळच्या शेतांतली भाजी पेटीत भरून घरपोच देणारी सेवा घ्यावी का, असं मला शिक्षकखोलीत वरचेवर विचारलं जातं. दोन तासांच्या मधल्या वेळात अर्धवट सांगण्यापेक्षा इथे नीट लिहितो. घ्यावी, असंच माझं मत आहे. मात्र ती ज्या कारणासाठी विकली जाते ते कारण मला दुय्यम वाटतं. माहितीपत्रकात सगळा भर अंतरावर असतो: भाजी किती जवळून आली, किती इंधन वाचलं. आमच्याकडे पेटीने केलेलं मोठं काम निराळं आहे. घरातलं मांस थांबलं आणि थांबलेलंच राहिलं, त्यात तिचा वाटा फार मोठा आहे.

आधी घराबद्दल थोडं, म्हणजे पुढचं वाचताना अंदाज येईल. मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. बायको रुग्णालयात पाळ्यांमध्ये काम करते, त्यामुळे संध्याकाळचा स्वयंपाक माझ्याकडे. मुलगी फुटबॉल खेळते आणि सरावावरून येते ती थेट भांड्यांवरची झाकणं उघडत. बाबा आयुष्यभर मांस आवडीने खात आलेले. मांस थांबवण्याचा आग्रह मुलीचा. तिने जनावरांबद्दल आणि हवामानाबद्दल जे मांडलं ते आम्हा दोघांना पटलं. दूध आणि अंडी आम्ही चालू ठेवली आहेत.

मांस शिजणाऱ्या घरात संध्याकाळचा बेत आपोआप ठरतो. काय आणलंय त्यावर रस्सा करायचा की सुकं, सोबत काय हवं, हे सगळं ओघाने येतं. ते बंद झालं की रोज संध्याकाळी ‘आज काय करायचं?’ हा प्रश्न समोर उभा राहतो, आणि दमलेला माणूस शेवटी बाहेरून काहीतरी मागवतो. माझ्या ओळखीत ज्यांनी मांस सोडून पाहिलं आणि पुन्हा सुरू केलं, त्यांतले बहुतेक जण चवीपायी परत फिरले नाहीत. रोजच्या त्या प्रश्नाने ते थकले. पेटी तो प्रश्न दारातच सोडवते. कोबी आलाय, मुळा आलाय, भोपळ्याची मोठी फोड आलीय. आता त्यांचंच काहीतरी करायचं आहे. निवड कमी झाली आणि माझं काम हलकं झालं.

मी घेतो ती सेवा शेतकऱ्यांचा एक गट चालवतो. हंगामाचे पैसे आगाऊ भरायचे आणि शेतात जे निघेल त्यातला ठरलेला वाटा दर आठवड्याला घ्यायचा. पीक भरघोस आलं तर पेटी वरपर्यंत भरते. पावसाने झोडपलं तर हलकी येते, आणि त्याबद्दल पैसे परत मिळत नाहीत. हे ऐकून पुष्कळ जण मागे सरतात. मला या व्यवस्थेचं सत्त्व त्यातच दिसतं. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याच्या हातात पैसा येतो, आणि नुकसान झालं तर ते त्याच्या एकट्याच्या अंगावर पडत नाही. एका मुसळधार आठवड्यानंतर आमच्या पेटीत पालेभाजीची एकही जुडी नव्हती. नुसता भोपळा, बटाटे आणि थोडे कांदे. बाबा म्हणाले, “त्यांच्या शेतात पाणी उभं असेल, तर आपल्या ताटात तरी हिरवं कुठून येणार?” पैसे भरले तेव्हा नेमकं हेच तर आपण कबूल केलेलं असतं.

ही पद्धत नवी नाही. जपानमध्ये १९७० च्या दशकात अन्नातल्या रसायनांच्या धास्तीने शहरातल्या कुटुंबांनी, त्यातही गृहिणींनी पुढाकार घेऊन, शेतकऱ्यांशी थेट बोलणी केली. तिथे त्या पद्धतीला तेइकेई म्हणतात. अमेरिकेत १९८६ मध्ये मॅसॅच्युसेट्स आणि न्यू हॅम्पशायर या राज्यांतल्या दोन शेतांनी हंगामाच्या वाट्याची पद्धत सुरू केली. फ्रान्समध्ये २००१ पासून असे गट उभे राहिले. पण आज ‘शेतातून थेट’ असं लिहिलेल्या प्रत्येक पेटीमागे असा करार असतोच असं नाही. काही सेवा घाऊक बाजारातला माल उचलून देखण्या खोक्यात भरतात. फोनच्या पडद्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. पैसे भरण्याआधी एक विचारा: शेत बघायला कधी येऊ? ज्यांचं खरोखर शेत आहे ते लगेच दिवस सांगतात.

आता अंतराबद्दल. हे विद्यार्थ्यांनाही सांगतो, म्हणून इथेही जरा थांबून सांगतो. अन्नामुळे जे हरितगृह वायू बाहेर पडतात, त्यात वाहतुकीचा वाटा आपल्याला वाटतो त्याहून खूपच कमी आहे. जोसेफ पूअर आणि थॉमस नेमेचेक यांनी ११९ देशांतल्या सुमारे ३८,७०० शेतांची माहिती एकत्र करून २०१८ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात मांडली. त्या माहितीवरून जगभरच्या अन्नाच्या उत्सर्जनात वाहतूक साधारण ६ टक्के भरते. त्याआधी २००८ मध्ये वेबर आणि मॅथ्यूज या संशोधकांनी अमेरिकेतल्या घरांचा हिशेब केला होता. त्यात पिकवण्याचा आणि उत्पादनाचा वाटा ८३ टक्के, सगळ्या वाहतुकीचा ११ टक्के, आणि उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या शेवटच्या प्रवासाचा फक्त ४ टक्के निघाला. सगळं अन्न जवळचं घेऊन जेवढं वाचतं त्यापेक्षा जास्त, आठवड्यातल्या एका दिवसापेक्षाही कमी वेळ लाल मांस आणि दुधाचे पदार्थ बाजूला ठेवून त्याऐवजी भाज्या, कडधान्यं खाल्ली तर वाचतं, असा त्यांचा निष्कर्ष होता. विमानाने येणारा नाजूक माल याला अपवाद आहे, पण विमानाने येणारं अन्न एकूण अन्नाच्या मानाने अगदी थोडं असतं. उलट, थंड प्रदेशात इंधन जाळून तापवलेल्या काचगृहातला जवळचा टोमॅटो, दूरवर उघड्या शेतात पिकलेल्या टोमॅटोपेक्षा जास्त उत्सर्जन करू शकतो.

म्हणून कुणी मला विचारलं की जवळचं खाऊ की मांस सोडू, दोन्हींतलं एकच जमणार आहे, तर मी मांस सोडायला सांगेन, आणि त्यावर ठाम राहीन. अगदी जवळच्या गोठ्यातल्या गोमांसाचाही भार दुरून आलेल्या मसुरापेक्षा कितीतरी जास्त असतो. जनावराने खाल्लेलं खाद्य, त्याच्या पोटातून निघणारा मिथेन, त्यासाठी लागणारी जमीन, यातलं काहीही अंतर कमी केल्याने घटत नाही. पेटी विकणाऱ्यांनी हे पत्रकात छापलं तर त्यांचं काही बिघडणार नाही, उलट विश्वास वाढेल.

मग जवळच्या शेताचा उपयोग काय? ताजेपणा, आणि तो चाखल्याशिवाय कळत नाही. मटार तोडल्यापासून त्याच्यातली साखर स्टार्चमध्ये बदलू लागते. मक्याच्या कणसाचंही तेच. सकाळी तोडलेला मटार संध्याकाळी नुसता वाफवून, वर मिठाचे चार दाणे टाकून मुलीपुढे ठेवला, तर तिने दुसरं काही घेण्याआधी वाटी संपवली. पालेभाज्यांतलं क जीवनसत्त्वही तोडणीनंतर घटत जातं, उष्ण हवेत भराभर, थंडाव्यात हळू. भाजी मुळात चवदार असली की मांसाची आठवण कमी येते, हा माझा ठाम अनुभव आहे. शिळ्या, पिठूळ मटाराच्या आणि चोथट गाजराच्या जोरावर कुणाचं मांस सुटणार नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं: पेटी घरात आल्यानंतरचा पहिला तास. या तासावर सगळा आठवडा अवलंबून असतो आणि सेवेकडून त्याबद्दल एक शब्दही सांगितला जात नाही, ही माझी पहिली मोठी तक्रार. भाजी तोडल्यावरही जिवंत असते, श्वास घेत असते. टोमॅटो, सफरचंद, केळी पिकताना इथिलीन नावाचा वायू सोडतात. त्या वायूने पालेभाजी पिवळी पडते, काकडी लवकर उतरते, गाजर कडवट होतं. पेटीत हे सगळं एकमेकांना चिकटून आलेलं असतं, म्हणून आधी वेगळं करायचं. टोमॅटो बाहेर, टोपलीत. फार थंडीत त्याचा वास तयार होणंच थांबतं आणि तो बेचव लागतो. गाजर, मुळा, बीट यांचा पाला लगेच कापायचा, कारण तो मुळातलं पाणी ओढून घेत राहतो. पाला टाकायचा नाही, त्याच दिवशी परतायचा. पालेभाजी निवडून, ओली असेल तर कोरडी करून, कापडात गुंडाळून फ्रीजच्या खालच्या खणात. बटाटे अंधारात, नाहीतर हिरवे पडतात आणि हिरव्या भागात सोलॅनिन हा विषारी पदार्थ साठतो. कांदे बटाट्यांपासून लांब. आमच्याकडे हे सगळं काम बाबांनी मागून घेतलं आहे. वर्तमानपत्र पसरून ते एकेक जुडी उलगडतात, आणि काय आधी संपवायचं याची चिठ्ठी फ्रीजवर लावतात. “आज पालक, उद्या मेथी, कोबीला घाई नाही,” एवढंच तिच्यावर असतं, आणि माझा आठवड्याचा बेत तिथेच झालेला असतो.

हे काम नीट झालं नाही तर भाजी सडते, आणि सडलेल्या भाजीत तिच्यासाठी घातलेलं पाणी, खत, मेहनत सगळंच गेलं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घरांमधून. म्हणून माझं सगळ्यांना सांगणं असतं की पहिला हंगाम सर्वात लहान पेटी घ्या. आमच्या सेवेत पेटीचा आकार हंगामाच्या मध्ये बदलता येत नाही, एखादा आठवडा पुढेही ढकलता येत नाही. बायकोच्या पाळ्या बदलल्या, मुलगी स्पर्धेला गेली, तरी पेटी तेवढीच येते. ही माझी दुसरी तक्रार. मी ती गटातल्या ताईंना फोनवर सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाल्या, “दादा, पीक आठवडाभर थांबत नाही. पण तुमची पेटी दुसऱ्या कुणाला द्यायची असेल तर आदल्या दिवशी कळवा, आम्ही तिकडे पोचवू.” तेव्हापासून तसं करतो. शेजारचं एक कुटुंब अशाच पेट्यांवरून गटात आलं.

पण पेटीवरचं एवढं प्रेम व्यक्त करून झाल्यावर एक गोष्ट बजावून सांगायला हवी. पेटीने मांसाची जागा भरून निघत नाही. पेटीत पाणी, तंतू, जीवनसत्त्वं भरपूर असतात, प्रथिनं फार थोडी. भाजी वाढवून वाढवून खाल्ली आणि दोन तासांत पुन्हा भूक लागली, तर दोष मांस सोडण्याचा नसतो. ताटात डाळ, कडधान्य कमी पडलेलं असतं. कोरड्या मसुरात १०० ग्रॅमला सुमारे २५ ग्रॅम प्रथिनं असतात, हरभऱ्यात सुमारे २०, सोयाबीनमध्ये ३६ च्या आसपास. धान्यांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं, कडधान्यांत मेथिओनिन कमी असतं. दिवसभरात दोन्ही पोटात गेली की एकमेकांची उणीव भरून काढतात, एकाच घासात असायला हवीत असंही नाही. म्हणून आमच्या स्वयंपाकघरात पेटीइतकाच मान प्रेशर कुकरला आहे. आत दाब साठला की पाणी १२० अंशांच्या आसपास तापतं, आणि सकाळी भिजत घातलेला हरभरा संध्याकाळी थोड्या वेळात मऊ होतो. टोमॅटो, चिंच, लिंबू असं आंबट काहीही कडधान्य शिजल्यावरच घालायचं. आम्लात त्याची साल आणि गर मऊ व्हायला फार वेळ लागतो. राजमा मात्र काळजीने करायचा. भिजवलेलं पाणी टाकून, नव्या पाण्यात खळखळून उकळायचा. कच्च्या राजम्यातल्या लेक्टिनने पोट बिघडतं, आणि मंद आचेवरच्या भांड्यात ते नाहीसं होत नाही.

मुलगी खेळते, म्हणून लोहाची काळजी बायको घेते. वनस्पतींमधलं लोह शरीरात मांसातल्या लोहापेक्षा कमी शोषलं जातं, सोबत क जीवनसत्त्व असेल तर जास्त. इथे पेटी उपयोगी पडते. डाळीवर लिंबू, पालेभाजीत टोमॅटो, कच्च्या कोबीची कोशिंबीर हे सगळं तिच्यातच आलेलं असतं. चहा आणि कॉफी जेवणाबरोबर घ्यायची नाही, त्यांतल्या टॅनिनमुळे लोह कमी शोषलं जातं, म्हणून बाबांचा चहा जेवणापासून लांब सरकला. बी १२ जीवनसत्त्व कुठल्याही भाजीतून भरवशाने मिळत नाही, भाजी कितीही ताजी आणि जवळची असली तरी. आम्हाला ते दूध-अंड्यांतून मिळतं. जे तेही घेत नाहीत त्यांनी बी १२ घातलेले पदार्थ किंवा गोळी घ्यायलाच हवी. यावर बायको अजिबात तडजोड करू देत नाही, आणि तिने रुग्णालयात पाहिलेलं आहे म्हणून मीही वाद घालत नाही.

तिसरी तक्रार थोडक्यात. हंगाम संपत आला की पेटी भरलेली दिसावी म्हणून कधीकधी बाहेरची फळं घातली जातात आणि ती कुठली हे लिहिलेलं नसतं. फळं घालायला माझी हरकत नाही, पण सोबत चिठ्ठी हवी. पेटीचं खोकं मात्र परत नेतात, आत प्लॅस्टिक नसतं, ते उत्तम आहे. खर्च बाजारातून निवडून घेण्यापेक्षा थोडा जास्त पडतो; मांसावरचा खर्च गेल्याने एकूण हिशेब आमच्याकडे कमीच भरतो. ज्यांच्याकडे आधीच मांस येत नव्हतं त्यांना ही बचत दिसणार नाही, हे त्यांनी धरून चालावं.

बाबांबद्दल लिहिल्याशिवाय हे पूर्ण होणार नाही, कारण घरात सगळ्यात अवघड बदल त्यांच्या वाट्याला आला. आम्ही त्यांच्यावर काहीही लादलं नाही. ते नातेवाइकांकडे गेले की मनसोक्त मांस खातात आणि घरी येऊन चव कशी होती ते सांगतातही. घरच्या ताटात त्यांना कमी वाटायचा तो खमंगपणा. तो मला भाजीतून आणायचा होता, आणि यावर मी बराच विचार केला. मांसाची ती चव बरीचशी भाजण्यातून येते: अमिनो आम्लं आणि साखर उष्णतेत एकत्र येऊन तपकिरी रंग आणि वास तयार होतो, त्याला मेलार्ड अभिक्रिया म्हणतात. ती फक्त मांसात होते असं नाही. कांदा घाई न करता गडद होईपर्यंत परतला, फ्लॉवरचे मोठे तुरे कोरड्या तापलेल्या तव्यावर करपण्याच्या अलीकडे आणले, अळंबीतलं पाणी पूर्ण आटवून मग तेल सोडलं, की तो खमंगपणा येतो. पाणी आहे तोवर तापमान १०० अंशांवर चढत नाही आणि भाजी नुसती उकडते. म्हणून भांड्यात गर्दी करायची नाही. फ्लॉवर असा केला त्या संध्याकाळी बाबांनी दुसऱ्यांदा वाढून घेतला आणि विचारलं, “परत कधी येणार आहे हा पेटीत?”

घ्यावी कुणी? ज्या घरात आठवड्यातले निदान चार-पाच दिवस संध्याकाळी कुणीतरी स्वयंपाकाला उभं राहतं, आणि पेटी आली त्या दिवशी तासभर वेळ काढता येतो, त्यांनी जरूर. मांस एकदम सोडायचं नसेल, नुसतं कमी करायचं असेल, तरीही. पेटीतलं संपवता संपवता मांसाचे दिवस आपोआप कमी होतात. एकट्या राहणाऱ्यांनी दुसऱ्या कुणाबरोबर अर्धी वाटून घ्यावी. सतत प्रवासावर असणाऱ्यांनी घेऊ नये, बाजारातून हंगामाची भाजी आणि भरपूर डाळ घेतली तरी त्यांचं मुख्य काम होतं. आणि घेण्याआधी तीन गोष्टी स्पष्ट विचारून घ्याव्यात: शेत कुणाचं, बाहेरचा माल कधी येतो आणि तो कळवणार का, आणि नको असलेली पेटी दुसऱ्याला देता येते का.

पाचपैकी चार तारे देतो. उरलेला एक साठवणीच्या सूचनांसाठी आणि त्या चिठ्ठीसाठी राखून ठेवला आहे. ताईंनी नवीन हंगामापासून भाजीबरोबर त्याच शेतांतली मूग, मसूर, हरभरा देणार असल्याचं सांगितलं आहे. आम्ही भाजीची पेटी एक आकार लहान केली आणि उरलेल्या पैशांत कडधान्यं नोंदवली.